चौथी तबकडी

पुण्याच्या सुगम-संगणन प्रयोगशाळेत डॉ. यास्मिन मुजावरसमोर कोल्हापूरच्या हेरंब ताम्हनकरांच्या संगणकाचा पडदा दुरूनच उघडा होता आणि कॉलही चालू होता. हेरंबदादा जन्मांध. राज्यातल्या अंधशाळांना लिनक्स या मोफत संगणकप्रणालीची कुठली तबकडी पाठवायची, ते त्यांचे कान ठरवत. तीन तबकड्या नापास झाल्या होत्या. एक मुकीच सुरू झाली, दुसरीला डोळस मदतनीस लागला, तिसरी इतकी बडबडी की दादा म्हणाले, "लग्नातली आत्या परवडली!"

चौथी यास्मिनने घडवली होती. महिन्यापूर्वी ती देताना तिने सांगितलं होतं,

"हिचा पडदावाचक, म्हणजे पडद्यावरची अक्षरं बोलून दाखवणारा, शिकतो, दादा. नको ते वाक्य तुम्ही कंट्रोलची कळ दाबून मध्येच तोडता ना? तसली वाक्यं तो पुढे वाचतच नाही. तुमचे कॉलही आता त्याच्याच हातून येतात. आधी वाक्य तोलतो, मग कानात सोडतो."

"म्हणजे पगारी खुशमस्कऱ्याच की! राहू दे तसाच."

तेव्हापासून महिनाभर यास्मिन गंमत बघत होती. कौतुक दादा शेवटपर्यंत ऐकत. कुणी 'पण' म्हटलं की बोट कंट्रोलवर. पुस्तकांच्या प्रती काढून ठेवा, ही सूचनाही त्यांनी अशीच कित्येकदा तोडली होती. मुलांसाठी स्वतःच्या आवाजात भरलेली शेकडो पुस्तकं त्या एकाच संगणकात होती.

इतके दिवस तबकडी नुसती लावून चालवली होती; आज दादा ती संगणकात कायमची बसवत होते. पडद्यावर अक्षरं उमटली : 'या संगणकावरील सर्व काही पुसले जाईल. पुढे जायचे?'

वाचक शांतपणे म्हणाला, "पुढे जायचे?"

यास्मिन माइककडे झेपावली. "दादा, थांबा! पुस्तकं पुसली जातील!"

"यास्मिन? आहेस ना गं?"

"दादा, एंटर दाबू नका!"

"गेली वाटतं चहाला."

तिला कळलं. तिच्या तोंडचं काय पोचेल, हे आता दादांच्या बोटांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. तिने घाईघाईने आधी स्तुती पुढे केली, "दादा, तुमच्यासारखे कान महाराष्ट्रात नाहीत. म्हणून विनवते, हे बसवू नका."

पलीकडे दादा खुलले. "महाराष्ट्रात नाहीत? चल, काहीतरीच! बरं, तुझा एवढा विश्वास आहे तर..."

एंटर वाजला. पडद्यावरची पट्टी हिरवी होत सरकू लागली.

"पास!" दादा म्हणाले. "सगळ्या शाळांना हीच पाठव. काही हरकत?"

यास्मिन घसा फुटेस्तोवर ओरडली.

कोल्हापुरात दादांनी क्षणभर कान देऊन वाट पाहिली.

"नाही ना? मग झालं."