हेलियमची शेवटची टाकी

लाइट येईल तेव्हा येईल. अक्षया, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर बघू, डोळ्यांवर येतो. ऐका आता. ही कुठली ऐकीव गोष्ट नाही, समोरच्या ब्लॉकमधल्या चंद्रप्रभाताईंच्या सुधन्वाच्या बाबतीत घडलेली आहे.

१४ जून २०१६, मंगळवार. भर दुपारी सुधन्वा टेम्पोत बसून दिल्लीहून द्रव हेलियमची टाकी घेऊन निघाला. लॅब ग्रेटर नोएडाच्याही पलीकडे, अर्धवट टॉवर आणि धूळ, बस. खड्डा आला की हा ओरडायचा, "भैया, आराम से!" ओरडणारच. ती शेवटची टाकी होती. पुढची मिळेपर्यंत त्याची फेलोशिप संपणार होती.

काम एका क्रिस्टलचं. त्याला टोपॉलॉजिकल सेमीमेटल म्हणतात, म्हणजे काय ते सुधन्वालाच ठाऊक. क्रिस्टलला केसाहून बारीक चार तारा चांदीच्या रंगाने चिकटवायच्या, हेलियमने गार करायचं आणि चुंबकात धरायचं. मग संगणकावरच्या रेघेत लाटा उमटतात. लाटा मिळाल्या तर पीएचडी, नाहीतर तीन वर्षं पाण्यात. आणि ती चौथी तार! गार झालं की दरवेळी सुटायची. पोरगा अगदी रडकुंडीला आला होता.

क्रिस्टल मुळात श्यामकांतने वाढवला होता. सुधन्वाचा सीनियर. एक पाय ओढत चालायचा, पण हात असा की तारा त्यानेच लावाव्यात. मोजायची वेळ आली आणि आदल्या हिवाळ्यात एक्सप्रेसवेवर धुक्यातल्या अपघातात गेला बिचारा.

तर, रात्री सुधन्वाने क्रिस्टल बांधलेली सळई हेलियममध्ये सोडली. वरून झाकण घट्ट. लॅबमध्ये तो एकटाच. रीडिंग चालू असताना तिथे कोणी चालायचं नाही, पावलाच्या धक्क्यानेसुद्धा रेघ उडते.

दीड वाजता तार सुटली. रेघ पार वेडीवाकडी. सुधन्वाने टेबलावर मूठ आपटली. "बस कर यार! अजून किती छळणार?" डोळ्यांत पाणीच आलं त्याच्या.

तेवढ्यात रेघ उडाली. मग पुन्हा. कोणीतरी चालत होतं! तो संतापून दार उघडून ओरडला, "कौन है? रीडिंग चल रही है!"

कॉरिडॉर रिकामा. टोकापर्यंत ट्यूबलाइट जळत होत्या.

तो परत येऊन बसला. रेघ उडतच होती. एक उंच... एक बुटकी. एक उंच... एक बुटकी. एक पाय टाकावा... आणि दुसरा ओढावा, तशी.

आणि दरवेळी उंची वाढत होती.

जवळ येत होतं.

त्याने मागे पाहिलं नाही. मानच वळेना. रेघ एकदा पार वर गेली...

...आणि थांबली.

पाठीशी, अगदी जवळ. आवाज नाही. श्वास नाही. नुसता त्या चांदीच्या रंगात घालायच्या थिनरचा वास.

किती वेळ गेला कोण जाणे. मग रेघ आपोआप सरळ झाली. आणि हळूहळू लाटा उमटू लागल्या. स्वच्छ, एकामागून एक. उजाडेपर्यंत. तीन वर्षं ज्यांच्यासाठी जिवाचं रान केलं त्या समोर येत होत्या, आणि याला आनंदच होईना.

सकाळी त्याच्या गाइड वृंदा मॅडम आल्या. आलेख बघून त्या हसल्या. "अरे, झालं की तुझं! चेहरा का असा?"

मॅडमनीच झाकण उघडलं, सळई वर काढली आणि क्रिस्टल सूक्ष्मदर्शकाखाली धरला.

तारांवरचे तीन ठिपके सुधन्वाचे. ओबडधोबड. चौथा गोल. नेटका.

"हा कधी लावलास?"

"...मी नाही लावला."

तो रंग पाच मिनिटांत वाळतो. आणि सळई रात्रभर बंद होती, उणे दोनशे सत्तर अंशांत. मॅडमनी टूथपिकचं टोक त्या ठिपक्याला अलगद टेकवलं.

टोकाला चांदी आली.

ओली.