न धुतलेला चुना

“धुवू नका, बाई. त्याला जे लागलंय ना, ते आता चुन्याचंच झालंय.”

याकूब मिस्त्रींना जाऊन दोन वर्षं झाली होती. तरी काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवताना सुनेत्राबाईंना त्यांचा तो आवाज आज जवळून ऐकू आला. दीपमाळेचा नमुना काढून देताना गवंडी मिस्त्री तसं बोलले, तेव्हा त्या ‘बरं’ म्हणाल्या होत्या, आणि प्रयोगशाळेत परतल्यावर तीस वर्षांच्या सवयीने अर्धा नमुना धुऊन मोकळ्या झाल्या होत्या. भिंगाखाली घाण चालत नाही. दीपमाळेच्या चुन्यावरचा काळा तेलकट थर द्रावणात विरघळला, खाली पांढरेशुभ्र स्फटिक दिसले, आणि तेच चित्र त्यांनी गवंडीजंतूंसाठी पाठवलं.

गवंडीजंतूंचं आता कुणाला अप्रूप राहिलं नव्हतं. मूळ चुन्याचं चित्र पाहून त्यांचं वाण निवडायचं, सुईने सांध्यात सोडायचं. मग ते डोळ्यांना न दिसणारे जीव आतल्या आत तसाच चुना घडवत भेगा बुजवत. अकरा वर्षं धोक्याची म्हणून अंधारात उभी असलेली आडगव्हाणची दीपमाळ अशीच सांधली गेली. सांध्यांत पेरलेले टिपणकण रोज तिची तब्येत कळवत. आजचा आकडा शंभरात सत्त्याण्णव. चढायला हरकत नसल्याच्या दाखल्यावर सही सुनेत्राबाईंची.

आणि उद्या त्रिपुरी पौर्णिमा.

झाडलोट करताना गळून पडलेला सांध्याचा एक तुकडा सखाहरी गुरवांनी पाठवला होता. ‘एवढंसंच आहे, पण तुम्हाला दाखवावं म्हटलं.’ हा तुकडा बाईंनी धुतला नाही.

कडेला नवा चकचकीत पापुद्रा होता, केसाएवढा. त्याच्यामागे चुना मधाच्या रिकाम्या पोळ्यासारखा पोकळ. त्यांनी जुन्या नमुन्याचा डबीत उरलेला, न धुतलेला अर्धा भाग शेजारी ठेवला. त्यात छिद्रन् छिद्र तेलाने भरलेलं होतं. तीनशे वर्षांच्या पणत्यांमधून ओघळलेलं करडईचं तेल चुन्यात मुरून साबणासारखं घट्ट झालं होतं. पावसाला तेच अडवत होतं, कणाला कण तेच धरून होतं. जंतूंना तेलाचं कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी ते खाऊन टाकलं. आणि टिपणकण मोजत होते फक्त वरचा पापुद्रा.

बाईंनी चष्मा काढला. डोळे मिटले तरी ते पोळं दिसतच होतं. कार्यालयाला कळवलं, फेरतपासणी आठ दिवसांनी होईल, असं उत्तर आलं. मग त्यांनी गुरवांना फोन लावला.

सखाहरी आनंदात होते. तीनशे पणत्या भिजत घातल्या होत्या, वाती झाल्या होत्या, चढणारी पोरं दोर घेऊन कालपासून पारावरच होती. बाईंनी सगळं सांगितलं, माणसांच्या वजनाने सांधे निखळतील हेही.

“सत्त्याण्णव मार्कांच्या पोराला कुणी नापास करतं का, म्याडम?”

“मी करतेय. पेपर मीच चुकीचा काढला होता.”

“गाव ऐकायचं नाही. कागदावर सही तुमची, अन् आता तोंडी हे असं. कागदच खरा म्हणतील.”

मिस्त्रींनी शेवटच्या भेटीत एक शब्द मागून घेतला होता, तो त्यांना आठवला. गावाची जुनी रीत होती, सांधलेल्या दीपमाळेवर पहिलं पाऊल सांधणाऱ्याचं. ते पडेपर्यंत कुणी चढत नाही. “माझ्या माघारी ते तुमचं. मन खात्री देत नसेल तर पायथ्याला बसून राहा बाई, पण दुसऱ्याला पुढं करू नका.” त्या हो म्हणाल्या होत्या. म्हाताऱ्याचं मन राखायला.

“सखाहरी, पहिलं पाऊल कुणाचं?”

“सांधणाराचं.” ते थांबले. “म्हणजे तुमचंच की.”

“मग मी आल्याशिवाय कुणाला चढू देऊ नका.”

“अन् आल्यावर तुम्ही चढणार?”

“मी खाली बसणार आहे. पहिली पणती पायथ्याला लावू.”

सखाहरींनी सुस्कारा सोडला. “घोंगडी टाकून ठेवतो,” म्हणाले. “थंडी लई आहे.”

बाईंनी दोन्ही तुकडे कागदात बांधले, हातभिंग घेतलं, आणि जाताना घरून घ्यायची करडईच्या तेलाची बाटली लक्षात ठेवली. सांध्यासांध्यात थेंबथेंब सोडायला सुरुवात तर करता येईल. पण तीनशे वर्षांचं मुरणं एका बाईच्या उरलेल्या आयुष्यात कितीसं भरून निघणार? आणि पुढचा थेंब कोण सोडणार?

दिवा मालवून त्यांनी दाराला कडी घातली, आणि गुडघे सांभाळत एकेक पायरी उतरत त्या घरावरून एसटी स्टँडकडे निघाल्या.