टाळकऱ्याचा हुंकार

हट्टा गावच्या दगडोबांनी चाळीस वर्षं कीर्तनात टाळ धरला. महाराजांच्या डाव्या हाताला, मागच्या ओळीत पहिली जागा त्यांची. पाऊस असो, लगीनसराई असो, ती जागा कुणी घेतली नाही.

टाळकरी म्हणजे नुसता टाळ कुटणारा नव्हे, असं ते नव्या पोरांना सांगत. महाराज दृष्टांत सांगू लागले की टाळ छातीशी धरून थांबवायचा आणि बरोबर जागा बघून 'हूं' म्हणायचं. सांगणाऱ्याला वाटलं पाहिजे, कुणीतरी ऐकतंय. हुंकार मिळाला की गोष्ट पुढं सरकते, नाही मिळाला की ती दारातच उभी राहते. दगडोबांचा हुंकार आसपासच्या गावांत नावाजलेला. मोठा नाही, घशातला नाही, छातीतून सावकाश वर येणारा.

त्यांची मंडळी आशाबाई. तिनं याच हुंकाराची आयुष्यभर थट्टा केली. लग्नाला पस्तीस वर्षं झाली तरी नवऱ्याला हाक एकच, 'टाळकरी'. "आवं टाळकरी, मी सांगून राहिले दूध उतू गेलं, अन् तुमी हूं काय म्हणता? हे काय कीर्तन हाय व्हय?"

मागच्या दिवाळीनंतर ही हाक बंद झाली. लकव्यानं आशाबाईचं उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डोळ्यांत सगळी ओळख होती, डाव्या ओठाच्या कोपऱ्यात हसू यायचं, पण शब्द नाही. नांदेडचे डॉक्टर म्हणाले, "यांच्या कानावर सारखं बोलणं पडू द्या. परत बोलतीलही. सांगता येत नाही." दगडोबांनी औंढ्याच्या नागनाथाला हात जोडले. ही एकदा 'टाळकरी' म्हणू दे देवा, दारात कीर्तन करीन.

आधी त्यांनी मोबाइलवर कीर्तनं लावली. पण ती सुरू झाली की आशाबाईच्या डोळ्यांतून धारा लागायच्या, श्वास कोंडायचा. मग त्यांची लेक आरोही, वसमतला शाळेत बाई आहे, तिनं वेगळाच तोडगा काढला. तिनं फोनमध्ये बोलती पुस्तकं भरून दिली. विज्ञानाची, जीवनात यशस्वी व्हा म्हणणारी, आणि गोष्टींची.

"बाबा, कोणी तरी वाचून दाखवतं. तुमी फक्त दाबायचं."

"अन् बिदागी?"

"मी भरली वर्षाची. तुमी ऐका गुमान."

फोन देवळीत, दिव्याच्या बाजूला ठेवायचा आणि जेवणं उरकली की लावायचा असं ठरलं. कीर्तन ऐकून कान तयार झालेला माणूस. चार दिवसांत दगडोबांची प्रत्येक वाचकाबद्दल मतं तयार झाली. रोज संध्याकाळी आरोहीला फोनवर ती ऐकावी लागत.

विज्ञानाचं पुस्तक वाचणाऱ्यावर त्यांचा जीव जडला. कोरडा आवाज, चाल नाही, आकडे तर पोतं भरतील इतके. पण तो माणूस दर थोड्या वेळानं सांगायचा, "हे अजून कुणालाच ठाऊक नाही." दगडोबा म्हणाले, "आरोही, मी इतके महाराज ऐकले, पण मला ठाऊक न्हाई म्हणणारे दोन-तीनच निघाले. ह्यो माणूस देवाजवळचा हाय." चांदण्यांचा उजेड फार जुना असतो, आपण बघतो तेव्हा चांदणी कदाचित विझलेलीही असते, हे ऐकून त्या रात्री ते उशिरापर्यंत अंगणात चांदण्या बघत बसले. एक गोष्ट मात्र पटली नाही. आवाज म्हणजे हवेचा कंप, कंप थांबला की आवाज संपला, असं पुस्तक म्हणायचं. "संपंल कसा? कुठंतरी जाऊन थांबत आसंल," ते आशाबाईला म्हणाले. तिनं डोळे मिटून उघडले. म्हणजे व्हय.

यशाची पुस्तकं त्यांना सोसवली नाहीत. वाचणारा सारखा अंगावर यायचा. तुमच्या आतला सिंह जागा करा, पहाटे पाचला उठा. आशाबाईला अंघोळ घालायला तांड्यावरून मिराबाई यायची, ती कपडे पिळता पिळता थांबली. "पाचला? मंग आमी रोज चारला उठून राहिलो, आमचा सिंह कुठं गेला काका? शेण काढायला?" आशाबाईच्या ओठाचा कोपरा वर गेला. त्या हसण्यासाठी दगडोबांनी तो भाग तीनदा लावला.

तरी त्या पुस्तकातली एक गोष्ट त्यांनी घेतली. रोज तीन जणांचे आभार माना, एकेक बोट दुमडून. कीर्तनात हेच वेगळ्या शब्दांत ऐकलेलं, पण बोटं दुमडायला कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून दुपारी देवळीपुढं ते तीन बोटं दुमडायचे. नागनाथ. लेक. तिसरं बोट रोज वेगळं. कधी मिराबाई, कधी डॉक्टर, एकदा तो सिंहवालासुद्धा.

मग मार्चात, हळद शिजवायचे दिवस आले तेव्हा, त्यांनी गोष्ट लावली.

नाव त्यांच्या लक्षात राहिलं नाही. चित्रात एक बंद दार होतं. वाचणारी बाई होती, आणि दगडोबांना पहिल्या वाक्यालाच कळलं की हिला सांगता येतं. घाई नाही, नाटक नाही. शब्द असा ठेवायची की जणू पाटावर वाटी. स्वच्छ, पुस्तकी, शहरी मराठी. गोष्ट साधीच. एक बाई कुठून तरी दूरवरून चालत येते आहे. तिला राहायला घर हवं आहे. कुठल्याही जागेत पाय टाकण्याआधी ती थांबते आणि विचारते, "येऊ का?"

तिथं वाचणारी थांबली. जागा बरोबर होती. दगडोबांच्या छातीतून आपोआप आलं, "हूं."

गोष्ट पुढं निघाली.

असं रोज चाललं. ती बाई माळ ओलांडून आली, ओढा ओलांडून आली. दर टप्प्यावर विचारायची, दगडोबा हुंकार द्यायचे. आशाबाई पडल्यापासून कीर्तनाला जाणं सुटलेलं, पाच महिन्यांनी त्यांना पुन्हा टाळकरी झाल्यासारखं वाटलं. आशाबाईसुद्धा एरवी डोळे मिटून पडायची, या गोष्टीला मात्र टक्क जागी असायची.

पाचव्या दिवशी हळदीची धूळ घशात गेली आणि "येऊ का?" नंतर त्यांना ठसका लागला. ठसका ओसरला तरी फोन गप्पच. रेंज गेली असेल म्हणून ते थांबले. मनातल्या मनात टाळ धरून त्यांनी चौसष्ट मात्रा मोजल्या. फोनवरची पुढं सरकणारी रेघ जागच्या जागी उभी होती. ते म्हणाले, "हूं."

"ती लिंबाखाली आली," बाई वाचू लागली.

दगडोबा पारखून घेणारा माणूस. दुसऱ्या दिवशी मुद्दाम गप्प राहिले, शंभर मात्रा. तिसऱ्या दिवशी दोनशे. हुंकार दिला की गोष्ट सुरू, तोवर नाही.

रविवारी आरोही आली. तिच्यासमोर लावली, तर पुस्तक सरसर वाचलं गेलं. कुठं थांबणं नाही.

"थांबतंय कुठं, बाबा?"

"आता न्हाई थांबलं. पण रोज थांबतंय."

तिनं फोन हातात घेतला. "सव्वा तासाची तर गोष्ट हाय. तुमी अकरा दिवस काय ऐकून राहिले?"

दगडोबा ओशाळून हसले. दुपारची पेंग लागत असेल, तेच तेच लावत असू, असं म्हणाले. पण एकही वाक्य दुसऱ्यांदा ऐकल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आणि आरोही गेल्यावर दुसऱ्या दिवशी ती बाई वेशीतून आत आली होती. पुढच्या दिवशी गल्लीत. मग एका खळ्याच्या कडेला, जिथं पिवळं पिवळं काही वाळत घातलं होतं.

या दिवसांत कुणाच्याही खळ्यावर हळदच असते, दगडोबांनी स्वतःची समजूत घातली.

बुधवारी शिजलेली हळद पसरायची होती. त्यांनी फोन लावून दिला आणि ते खळ्यावर गेले. उन्हात हळदीचा ओला, मातकट वास दाटला होता. पापण्यांवर पिवळी भुकटी बसत होती. दाताळ्यानं ढीग सारखा करत असताना मिराबाई धुण्याची बादली घेऊन बाहेर आली आणि त्यांना बघून थबकली.

"काका, तुमी तर इथं."

"मंग कुठं असंन?"

"मंग आत हूं हूं कोण करून राहिलं?"

दाताळं हातातून पडलं. दगडोबा धावले आणि उंबऱ्याशी थांबले.

आत बाई वाचत होती. "तिनं उंबऱ्यावर पाय ठेवला नाही. आत एक खाट होती. खाटेवर एक बाई पडून होती. तिचं तोंड मिटलेलं होतं. देवळीतल्या दिव्याची काजळी भिंतीवर चढली होती. येऊ का?"

शांतता.

आशाबाईचे ओठ हलले. बारीक, खरखरीत, पण स्पष्ट.

"हूं."

फोन विझला.

दगडोबा उंबऱ्यावरच बसले आणि पिवळ्या हातांनी तोंड झाकून लेकरासारखे रडले. काय वाचलं गेलं ते त्या घडीला त्यांच्या डोक्यात शिरलंच नाही. औंढ्याच्या दिशेला त्यांनी जमिनीवर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आशाबाई बोलली.

"अहो, मला थोडं पाणी हवं आहे."

दगडोबांच्या हातून तांब्या सांडला. दुपारपर्यंत अर्धा गाव दारात जमला. आरोही आईच्या गळ्यात पडून हसत होती, रडत होती. आशाबाई सगळ्यांशी नीट, गोड बोलली. नाही, आहे, हवं आहे, धन्यवाद. मिराबाईनं गालावर हात ठेवला. "काकू तर रेडिओवानी बोलून राहिल्या की!" सगळे हसले.

डॉक्टरही म्हणाले, होतं असं. दिवसभर जी भाषा कानावर पडली तीच बसली असेल. दगडोबांना पटलं. देणारा देतोय, त्यात न्हाई अन् नाही काय निवडायचं?

आठ दिवसांत ती उठून बसली, पंधरा दिवसांत भिंतीला धरून चालू लागली. एवढंच, की प्रत्येक दाराशी ती थांबायची. स्वतःच्या स्वयंपाकघराच्याही. विचारायची, "येऊ का?" आणि कुणी हूं म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायची नाही.

आणि ती दगडोबांना 'अहो' म्हणायची. ते वाट बघत होते. एकदा मुद्दाम भलत्याच ठिकाणी हुंकार दिला. ती सांगत होती की दूध नासलं आहे, आणि ते म्हणाले, "हूं." पूर्वी यावर तिनं पळी उगारली असती. आता ती नुसती त्यांच्याकडे बघत राहिली, पुढं बोलायची परवानगी मिळाल्यासारखी.

'टाळकरी' ऐकायला मिळालं नव्हतं, तरी चैत्रात दारात कीर्तन झालं. देवाशी शब्दांचा काथ्याकूट करणं दगडोबांना बरं वाटलं नाही. त्या दिवशी त्यांनी असा टाळ धरला की महाराजांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांना घातला. समोर पहिल्या ओळीत आशाबाई बसली होती, पाठ सरळ, हात मांडीवर. सगळे डोलत होते. ती ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दगडोबा देवळीपुढं बसून बोटं दुमडू लागले. पहिलं बोट नागनाथाचं. दुसरं लेकीचं. तिसऱ्याला त्यांच्या मनात भरून आलं. जिनं गोष्ट वाचली त्या बाईचे आभार आपण एकदाही मानले नाहीत. नाव ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. तिच्यामुळं घरात आवाज आला.

त्यांनी फोन घेतला, बंद दाराचं चित्र शोधलं आणि दाबलं.

काहीच आलं नाही.

त्यांनी मात्रा मोजायला सुरुवात केली. रेघ जागच्या जागी उभी होती. आठ. सोळा. बत्तीस.

मग कुणीतरी श्वास घेतला.

"आवं टाळकरी..."

आवाज बारीक होता, दमलेला, विहिरीच्या तळातून आल्यासारखा.

"लई येळ झाला. दारातच उभी हाय मी. येऊ का?"

दगडोबांचे ओठ उघडले. चाळीस वर्षांची सवय छातीतून उठली आणि गळ्यापर्यंत आली.

खांद्यावर हात पडला. उजवा हात.

आशाबाई मागं उभी होती. आज ती दाराशी थांबली नव्हती, तिनं काही विचारलं नव्हतं. तिनं त्यांच्या हातातल्या फोनकडे बघितलं आणि स्वच्छ, सावकाश, पाटावर वाटी ठेवावी तसा एकच शब्द ठेवला.

"नाही."