चाखणारा

"मला नोकरी नको, वहिनी. कारण हवंय," स्वयंपाकीण म्हणाली. कारखान्याच्या कँटीनमध्ये तिची अर्धी हयात गेली होती.

एका हॉटेलात मुख्य आचाऱ्याची जागा निघाली होती. शेवटी दोघंच उरली: ती आणि मॅनेजरचा मेहुणा. दोघांनी भोपळ्याचं सूप केलं. निवृत्तीला आलेल्या थोरल्या आचाऱ्यांनी ते चाखलं आणि मेहुण्याला निवडलं.

"आधीच ठरलेलं होतं सगळं. आम्हाला उगाच राबवलं."

खाजगी तपास करणाऱ्या वहिनींनी डोळे चोळले. अशी गाऱ्हाणी ऐकून त्या थकल्या होत्या. तरी उठल्या. मदतनीस म्हणून असलेला धाकटा दीर मागोमाग निघाला.

हॉटेलात मॅनेजर तडकला. "वाट्यांवर नावं नव्हती. मी खोलीतही नव्हतो. आणखी किती चोख वागायचं माणसानं?"

मेहुण्याने मान खाली घातली. "खरं सांगू? माझं सूप तळाला लागलं होतं. करपट वास येत होता. मला वाटलं, दाजींनी सांभाळून घेतलं."

थोरले आचारी ठाम होते. "एक पातळ होतं. दुसरं दाट, रंगही छान."

"आणि चव?"

"चांगली होती की."

वहिनींनी तिथेच आचाऱ्यांना आणि दिराला चहा करून दिला. दिराने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप खाली ठेवला. आचाऱ्यांनी मात्र कप रिकामा केला.

बाहेर आल्यावर दीर कुजबुजला, "वहिनी, चहात मीठ पडलंय तुमच्याकडून. म्हातारा भारी सभ्य हो, बोलला नाही."

"सभ्य नाही, भाऊजी. चला, सगळ्यांना बोलवा."

मॅनेजरच्या खोलीत सगळे जमले.

"लबाडी कोणीच केली नाही," वहिनी म्हणाल्या. "मॅनेजरना वाटलं, निवड चोख झाली. मेहुण्याला वाटलं, वशिला लागला. बाईंना वाटलं, डाव होता. पण करपलेलं सूप जिंकलं कसं? आचारी बोलले ते फक्त डोळ्यांना दिसणारं. म्हणून मी चहात मुद्दाम मीठ घातलं. काका, तुम्हाला ते कळलंच नाही."

आचाऱ्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मोठ्या तापानंतर चव गेली," आचारी म्हणाले. "वासही. सांगितलं असतं तर तेव्हाच घरी बसवलं असतं."

"परीक्षा पुन्हा होईल," मॅनेजर कसाबसा म्हणाला.

"देईन मी," स्वयंपाकीण म्हणाली. तिचा राग कुठे गेला, तिलाच कळेना.

सगळे उठले. आचारी तिथेच बसून राहिले.

"बाई," त्यांनी हळूच विचारलं, "कसं झालं होतं तुमचं सूप?"

तिने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. "आधी गोडवा येतो, काका. मग गिळताना, अगदी मागे, मिरी..."

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.