शांततेतला खोकला

"खोकून झालं असेल, तर पुन्हा घेऊ या?"

आमची ओळख झाली ती अशी! जाड भिंतींच्या, बिनखिडकीच्या खोलीत माईकसमोर बसून मी पुस्तकं वाचायची. लोक ती कानांनी ऐकायचे. हा काचेपलीकडे बसून माझा आवाज रेकॉर्ड करायचा. कानांवर हेडफोन आणि चेहऱ्यावर कायम बारा वाजलेले. पण डोळे... ते माझ्या ओठांवरून हलत नसत. कामासाठीच बघतो गं, असं मी मनाला बजावायची. मन ऐकेल तर ना!

दोन महिन्यांत खोकल्याने नुसता उच्छाद मांडला. कफ नाही, ताप नाही, फक्त कोरडा ठसका. मध झाला, मिठाच्या गुळण्या झाल्या, औषधाच्या तीन बाटल्या संपल्या. "तुझ्याआधी तुझा खोकला जिना चढतो," आई म्हणायची.

एका सकाळी मी जरा लवकर पोचले. रिकाम्या खोलीची एक मिनिट शांतता तो रेकॉर्ड करत होता. रोजच करायचा. खोकला कापला, की वाक्यांमधली रिकामी जागा भरायला ती लागते.

"माझे खोकले कापून कंटाळला असाल," मी म्हटलं.

"कापतो... पण टाकत नाही. सगळे जपून ठेवलेत."

"अरे वा! लोक पत्रं जपतात."

तो हसला नाही. त्याने हेडफोन माझ्या कानांवर ठेवला. बोटं केसांना लागली, श्वास अडला— आणि तेवढ्यात त्या शांततेत कोणीतरी दोनदा खोकलं. कोरडं.

"हा माझाच की."

"नाही. हे आत्ताचं मिनिट आहे. आत कोणीच नव्हतं."

अंगावर सर्रकन काटा आला. "मस्करी पुरे हं!"

"माझी ताई आहे ती," तो हळूच म्हणाला. "तुमच्याआधी ती वाचायची, त्याच खुर्चीत. मी तिचा प्रत्येक खोकला इतका सफाईने कापला, की कुणाला ऐकूच आला नाही. मलाही नाही. दोन वर्षांपूर्वी ती वारली. खोकला कशाचा होता, ते कोणी शोधलंच नाही." तो माझ्याकडे वळला. "तुम्हाला मी असं जाऊ देणार नाही."

मी घाबरले. आणि खोटं कशाला बोलू, थोडी सुखावलेही.

मग साहेबांची उलटतपासणी सुरू झाली. "आडवं पडल्यावर येतो? जेवल्यावर? सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीच्या दिवशी... अय्या, नाही की!"

त्याने माझ्या खोकल्यांच्या वेळा कागदावर मांडल्या होत्या. रोज दार बंद झालं, की विसाव्या मिनिटाला पहिला ठसका. तो कागद घेऊन आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरबाईंनी छाती तपासली, एक्स-रे पाहिला, मग तो कागद पाहिला.

"खोकला नुसता दाबत बसू नका," त्या म्हणाल्या. "त्या खोलीत काय आहे, ते आधी बघा."

त्याच दुपारी त्याने भिंतीवरचं फोमचं अस्तर उपटलं. माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे काळी, ओली बुरशी होती— बसलेल्या माणसाच्या उंचीची. आतला पाइप कित्येक वर्षं पाझरत होता. "ताईही इथेच बसायची," तो म्हणाला. मी त्याचा हात धरला, आणि त्याने तो सोडवून घेतला नाही.

पाइप बदलला, भिंत खरवडून नव्याने केली, हवा खेळती राहायला पंखा बसला. तोवर मी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. डॉक्टरबाईंनी तोंडाने ओढायचा पंप दिला होता. दीड महिन्याने मी अख्खं प्रकरण न खोकता वाचलं, आणि काचेपलीकडे तो पहिल्यांदा हसला. मेलीच मी!

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "आज शांततेच्या मिनिटाला आत बसाल?"

"बोलायचं नाही, तर करू काय?"

"फक्त मान हलवा."

लाल दिवा लागला. त्याने काचेला एक कागद टेकवला— 'तुम्हाला जन्मभर ऐकायचंय. चालेल?'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान हलवली. एकदा, दोनदा...

आणि हेडफोनमध्ये, अगदी माझ्या पाठीमागे, कोणीतरी दोनदा खोकलं. कोरडं.

मी खोकले नव्हते. तोही नाही.

तो पांढराफटक पडला. बोट बटणाकडे गेलं. "कापू...?"

"खबरदार!" मी म्हटलं. "नणंदेला कोणी असं घराबाहेर काढतं का?"