जुईलीची शेवटची पट्टी

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. गोष्टी रंगवून सांगणं मला जमत नाही. म्हणूनच हे जसं घडलं तसंच सांगतो. घडलं ते आमच्याच घरात, माझ्यासमोर. गेल्या कार्तिकातली संध्याकाळ होती. मुळशीतलं कोळवण.

जुईली माझी थोरली बहीण. ती सोप्रानो होती. म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय गाण्यात बायकांचा जो सगळ्यात उंच आवाज असतो ना, तो तिचा. व्हिएन्नाला शिकली, जर्मनीतल्या थिएटरांमधून गायली. माइक नसताना तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा.

मग गळ्याला गाठ आली.

ऑपरेशन झालं. जीव वाचला, बोलणंही परत आलं. वरचे सूर मात्र गेले. ते परत मिळवायला ती घरी आली.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिनं सराव सुरू केला की खालचे काका येऊन बेल वाजवायचे. शेवटी बाबांनी कोळवणला शेताकडेचं घर घेतलं. पहिल्याच दिवशी शेजारच्या चंद्राबाई धावत आल्या.

"मला वाटलं, ताईला कोन हाणतंय," म्हणाल्या.

जुईली हसून हसून खाली बसली. पुढे चंद्राबाईच आमचा स्वयंपाक करू लागल्या.

आई आम्ही लहान असतानाच गेली होती. बाबा वीज खात्यातून रिटायर झालेले, सुरांचा आणि त्यांचा काडीचा संबंध नाही. तरी रोज संध्याकाळी जुईलीसाठी ते पियानोपुढे बसायचे.

पद्धत ठरलेली होती. ती बाबांच्या मागे उभी राहून श्वास घ्यायची. तो ऐकू आला की बाबा एक पट्टी दाबायचे. त्या सुरावर ती गायची. मग पुन्हा श्वास, आणि त्याच्या वरची पट्टी. जिथवर आवाज नीट जाईल, त्या पट्टीवर बाबा तिची एक टिकली चिकटवायचे.

टिकली हळूहळू उजवीकडे सरकत गेली. तिच्या जुन्या, सगळ्यात वरच्या सुराला एकच पट्टी कमी राहिली.

आणि डेंग्यूनं आठवड्याच्या आत ती गेली.

मी नोकरीपायी हिंजवडीत राहायचो. दिवाळीनंतर चंद्राबाईंचा फोन आला.

"दादा, तुमी येऊन जावा. बाबा जेवत न्हाईत. अन् सांजच्याला पेटी वाजिवत्यात." पियानोला त्या पेटीच म्हणायच्या.

"वाजवू द्या की. तेवढाच विरंगुळा."

त्यांनी आवाज खाली आणला.

"एकटं न्हाई वाजवत, दादा."

मी हिंजवडीहून निघालो तो चिडूनच. म्हातारा माणूस दुःखात आहे आणि ह्या बाईला भुतं दिसतायत.

पोहोचलो तेव्हा शेजारी भातकापणी चालली होती. बायकांच्या गप्पा, विळ्यांची खसखस घरात ऐकू येत होती. बाबा अर्धे झाले होते. सदरा खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता.

"बस तिथं, शैलेश," ते म्हणाले. "बोलू नको."

ते पियानोपुढे बसले. वाट बघत राहिले.

आणि मग...

त्यांच्या मागे कुणीतरी श्वास घेतला.

मी झटकन पाहिलं. तिथं भिंत होती फक्त.

बाबांनी पट्टी दाबली. मला दुसरा आवाज आला नाही. बाबा मात्र मान डोलवत होते. जरा वेळानं पुन्हा श्वास... पुढची पट्टी. पुन्हा श्वास...

तो श्वास मी लहानपणापासून ओळखत होतो.

टिकलीची पट्टी वाजली. बाबांनी हात उचलून मांडीवर ठेवला.

मागे श्वास घेतला गेला. खोल, छातीभरून.

आणि... सुटलाच नाही.

कुणी श्वास धरून जवळ उभं असलं की कळतं. तसं कळत होतं.

"बाबा, पुढची दाबा."

"नाही."

"ती थांबलीय, बाबा."

"थांबू दे. रोज थांबते." ते पट्ट्यांकडेच बघत म्हणाले. "तो सूर लागला की तिचं काम संपलं. मग ती कशाला येईल रे इथं? माझ्याकडे तेवढीच उरलीय."

मला भीतीपेक्षा रागच आला. आणि रडूही.

"म्हणून रोज अशी श्वास कोंडून उभी करायची तिला? आपल्या जुईलीला?"

बाबा माझ्याकडे वळले. डोळे भरून वाहत होते. मग त्यांनी बोट टिकलीच्या पलीकडे नेलं...

आणि पट्टी दाबली.

मी जिवाचा कान केला. पियानोचा सूर विरला. बाकी काहीच नाही.

बाबांनी डोळे मिटले होते. मान हळूहळू वर जात होती.

"लागला," ते म्हणाले. "शैलेश, लागला बघ."

मला वाटलं, बाबा कामातून गेले.

तेव्हा लक्षात आलं... बाहेरची खसखस बंद झाली होती. गप्पाही.

मी खिडकीशी गेलो. शेतातल्या सगळ्या बायका विळे हातात धरून उभ्या होत्या. पार पलीकडच्या बांधावरच्यासुद्धा. सगळ्यांची तोंडं आमच्या घराकडे.

चंद्राबाई पायरीशी आल्या. पदरानं डोळे पुसत होत्या.

"ताईच हुत्या न्हवं? लई वर गेल्या आज. इतक्या वर कदीच गेल्या न्हवत्या."

त्यानंतर तो श्वास पुन्हा आला नाही. बाबा त्याच दिवशी जेवले. आता माझ्याकडेच असतात, बरे आहेत.

बरा नाहीये तो मी. बांधावरच्या परक्या बायकांना ऐकू आलं. मी तिचा भाऊ, तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. तिला जाऊ द्या म्हणणाराही मीच. मग मलाच का नाही? मी हजारदा विचार केलाय.

जेवताना बाबा कधीकधी घास हातात धरून थांबतात.

"काय लागला होता रे तो सूर," म्हणतात.

मी मान खाली घालून जेवत राहतो.