चार ते पाच, जुनी पेशंट

समोरच्या खुर्चीतला माणूस रडायला लागला, तेव्हा चाराला दहा मिनिटं कमी होती. तिने कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला आणि नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "आजची वेळ झाली. यावर आपण पुढच्या वेळी बोलू."

तो डोळे पुसत मागच्या दाराने जिन्यावर गेला. त्या दाराला बाहेरून मूठ नव्हती. जाणाऱ्याचं रडकं तोंड येणाऱ्याला दिसू नये, म्हणून तिनेच ती सोय करून घेतली होती. आणखी दोन शब्द बोलायला कुणी परत आत येण्याचाही प्रश्न मिटला होता, आणि खरं सांगायचं तर तिला तेच जास्त सोयीचं होतं.

स्वतःचं समुपदेशन केंद्र काढून तिला आठ वर्षं झाली होती. दोन खोल्या, बाहेरच्या टेबलावर वेळा नोंदवणाऱ्या मावशी, आणि दिवसभर लोकांचं ऐकणं. संध्याकाळी घरी गेलं की सहा वर्षांची लेक म्हणायची, "आई, ऐक ना." त्या दोन शब्दांनी तिचं डोकं उठायचं. हल्ली लेकीने ते म्हणणं सोडून दिलं होतं. हे तिला आतून खात होतं. लेक हातची जाईल अशी धास्ती वाटायची, पण त्यासाठी काही करायचं त्राण अंगात उरलेलं नव्हतं.

तिला समुपदेशन शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, आठवड्यातला एक तास तरी स्वतःसाठी ठेव. पण मावशी पडल्या मऊ मनाच्या. वहीत रिकामा तास दिसला की कुणाच्या तरी गळ्यात घालून मोकळ्या. म्हणून तिने एक लबाडी केली. दर गुरुवारी वहीत लिहिलं, 'चार ते पाच, जुनी पेशंट'. मावशींना शंका नको म्हणून फाईलही उघडली. फोन नंबर स्वतःचा जुना, कित्येक वर्षांपूर्वी बंद केलेला. तक्रारीच्या रकान्यात गंमत म्हणून स्वतःचीच तक्रार लिहिली. 'घरी जावंसं वाटत नाही. आपल्या जागी दुसरं कुणी गेलं तर बरं.' खाली सही ठोकली.

मावशी त्या तासाला बाहेरची कामं उरकायच्या. ही चपला काढून सोफ्यावर आडवी व्हायची. चार महिने छान गेले. मग गर्दी वाढली, आणि तो तास तीच दुसऱ्यांना देऊ लागली. जुन्या पेशंटपुढे वहीत लिहायची, 'आली नाही'. असे तीन गुरुवार झाले.

आज मावशींनी दार ढकललं. "मॅडम, चारच्या आल्यात."

"ते नवीन जोडपं ना?"

"त्यांना उद्याची वेळ दिली. तुमच्या जुन्या पेशंट आल्यात. तीनदा चुकल्या ना, मग मी फोन केला. तुमचाच नियम आहे."

"कुठल्या नंबरवर?"

"फाईलमधल्या. पहिल्याच रिंगला उचलला. झोपेतून उठल्यासारखा आवाज होता... येते म्हणाल्या."

आतलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून दाराशी दिवसभर एक पंखा घरघरत असे. तो बंद पडला. खोलीत सोफ्याच्या उशीचा वास पसरला, डोक्याच्या तेलाचा, तिच्याच. ती उठून दाराकडे निघाली, तोच एक बाई तिच्या अगदी जवळून आत गेली आणि खिडकीकडे पाठ करून बसली, नेमकी तिच्या खुर्चीत. मागून उजेड असल्यामुळे चेहरा काळा दिसत होता. मावशींनी दार ओढून घेतलं. समोर पेशंटची खुर्ची रिकामी होती, तिच्यात ती बसली.

"कोण आहात तुम्ही...?"

"चार महिने नुसती झोपले हो मी इथे," बाई म्हणाली. "खूप विश्रांती झाली. तुम्ही मात्र फार थकलात... बोला ना."

असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. ती बोलू लागली आणि थांबता येईना. लोकांचं रडणं ऐकताना मनात कशी शिसारी येते. लेकीने हाक मारली की न्हाणीघरात नळ सोडून कशी बसते. एकदा झोपलेल्या पोरीकडे बघत ही नसती तर, असं मनात कसं आलं. बाई लिहून घेत होती. एकेक गोष्ट तोंडातून निघाली की पुन्हा आठवत नव्हती. शेवटी लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे येईना, तेव्हा ती घाबरून रडायला लागली.

कागदी रुमालांचा डबा पुढे सरकला.

"आजची वेळ झाली. यावर आपण पुढच्या वेळी बोलू."

ती उठली, मुकाट्याने मागच्या दाराने बाहेर पडली. दार लागल्यावर भानावर आली आणि ते बडवू लागली. दार उघडेना. जिना उतरून, इमारतीला वळसा घालून ती धापा टाकत पुढच्या दाराने वर आली.

"अहो, तुमची वेळ संपली की," मावशी अनोळखी नजरेने म्हणाल्या. "मॅडम आत्ताच घरी गेल्या."

"मावशी, मी... मला एक फोन करू द्या."

मावशींना दया आली. त्यांनी टेबलावरचा फोन पुढे केला. घड्याळात पाचाला पाच कमी होते. घर इथून तासाभराच्या अंतरावर.

"हॅलो," लेकीचा आवाज आला.

"बाळा, मी आई... ऐक ना."

"आई इथंय. मघापासून माझंच ऐकतेय." मग तोंड फिरवून, "आई, कुणीतरी बाई रडतेय गं."

पलीकडून मऊ आवाज आला, "तिला सांग, पुढच्या वेळी बोलू." लेक हसली. असं हसताना तिने लेकीला वर्षभरात ऐकलं नव्हतं. फोन बंद झाला.

मावशींनी वही उघडून पेन्सिलीला टोक काढलं.

"पुढचा गुरुवार, चार ते पाच. या बरं का नक्की. तीनदा चुकलाय तुम्ही. आता चुकलात तर मॅडम फाईलच बंद करतात."